आयसिंग नसलेले रोल

“व्हॅनिला जास्त झालाय,” आई म्हणाली आणि तिने चमचा पुन्हा चाटला.

“मग चाटतेस कशाला?”

“नक्की किती जास्त झालाय ते बघतेय.”

आयसिंगचा तो डबा व्हर्नाने दिला होता. व्हर्ना म्हणजे आमच्या नव्या शाळेची मुख्य स्वयंपाकीण. ‘मुलीसाठी घरी घेऊन जा गं’ म्हणून तिने तो प्रेमाने आईच्या हातात कोंबला होता, आणि तेच तर असह्य होतं. एखादी बाई खडूस असली की तिच्यावर जळणं सोपं जातं. व्हर्नाने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

गेल्या वर्षापर्यंत आमच्या गावच्या, लिंडेनच्या, शाळेतल्या स्वयंपाकघरात माझ्या आईचं, मार्लिस कुचेराचं, राज्य होतं. मग तिकडे राजधानीत, लिंकनला, विधिमंडळात कायदा पास झाला. ज्या शालेय जिल्ह्यात मुलं कमी, त्याने शेजारच्या जिल्ह्यात विलीन व्हायचं. आमच्या शाळेला कुलूप लागलं आणि आम्ही सगळे बसने शेजारच्या ग्रेडीला जायला लागलो. एका शाळेला मुख्य स्वयंपाकीण एकच लागते. ती व्हर्ना राहिली, आणि आई तिच्या हाताखाली ट्रे विसळायला लागली.

मला मात्र ग्रेडी मस्त मानवलं. व्हॉलीबॉलच्या संघात घेतलं, मैत्रिणी मिळाल्या, आणि लिंडेनला तोंड न उघडणारी मी इथे शिक्षकांनाही उलट प्रश्न विचारायला लागले. पण चिलीचा दिवस आला की माझं डोकं फिरायचं.

आमच्या नेब्रास्कात शाळेच्या जेवणात राजमा-खिम्याची चिली असली की शेजारी दालचिनीचा रोल हवाच. लिंडेनमध्ये तो चिलीत बुडवून खातात, म्हणून आई रोलवर काहीच लावायची नाही. ग्रेडीत तो शेवटी, गोड म्हणून खातात. वर बोटभर आयसिंग! पहिल्यांदा मी रोल बुडवला तेव्हा माझी मैत्रीण काम्री किंचाळलीच.

“ईऽऽ! तुमच्याकडे केकपण असाच बुडवतात का गं?”

“हो, मेणबत्त्यांसकट!” मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. पण हळूहळू लिंडेनची मुलं रोल बुडवेनाशी झाली आणि दुसऱ्या रोलसाठी व्हर्नापुढे रांग लावायला लागली. गद्दार कुठले! पलीकडे हात साबणात घालून आई ती रांग बघत राहायची.

फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी व्हर्ना ओमाहाला गेली. “मार्लिस, आता स्वयंपाकघर तुझं,” असं जाताना सांगून गेली. त्याच आठवड्यात गुरुवारी चिली होती. आई पहाटे उजाडायच्या आधीच शाळेत पोहोचली. दुपारी मी जेवायला गेले तर दारातच लिंडेनचा वास आला. काउंटरवर रोल मांडले होते. तपकिरी, गरमागरम आणि वर काही म्हणजे काही नाही. शिट्टी वाजवावीशी वाटली मला!

“मिसेस कुचेरा, आयसिंग विसरलात?” ग्रेडीच्या एका मुलाने विचारलं.

“विसरले नाही. चिलीत बुडवून बघ.”

आईने त्याला मोजा बुडवायला सांगितल्यासारखा तो बघत राहिला. त्याच्यामागे आमच्या समोरच्या घरातला कोल्बी होता. बालवाडीपासून आईच्या हातचे रोल खाऊन वाढलेला. म्हटलं, आता हा दाखवेल यांना.

कोल्बीने ट्रेकडे बघितलं. “वरचं पांढरं नाहीये?”

आईचा हात थांबला. मग ती खाली वाकली आणि काउंटरखालून तिने एक मोठं पातेलं वर काढलं. काठोकाठ आयसिंग. पांढरंशुभ्र, चकचकीत. ते तिने सकाळीच करून ठेवलं होतं. वापरावं लागू नये अशी इच्छा धरून.

“आण, ट्रे पुढे कर,” ती कोल्बीला म्हणाली.

मग ती प्रत्येकाच्या रोलवर चमचाभर घालत गेली. कुणालाही कमी नाही. माझा नंबर आला.

“मला नको!” सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं.

“ब्रिन, रांग अडवू नकोस.” तिने माझ्याही रोलवर चमचा उलटा केला. मग हळूच म्हणाली, “व्हॅनिला कमी घातलाय. बघ जरा.”

मी बघितलं. व्हर्नाच्या आयसिंगपेक्षा कितीतरी छान झालं होतं, आणि माझा जळफळाट आणखी वाढला. कारण शेजारी काम्री बोटं चाटत म्हणत होती, “व्हर्नाचं आयसिंग म्हणजे ना!”

“आईने केलंय ते,” मी म्हटलं.

“हो गं, पण व्हर्नाचंच ना?”

जेवणं आटोपल्यावर मी आत गेले तेव्हा आई फोनवर होती. पलीकडून व्हर्नाचा आनंदी आवाज मलाही ऐकू येत होता. रोल कसे झाले, असं ती विचारत होती.

“सगळे संपले,” आई म्हणाली. “हो, हो. तुमचंच आयसिंग केलं होतं. मुलं खूश झाली... अभिनंदन हं. बाळाला जपा.”

तिने फोन ठेवला.

“मुलगी झाली तिच्या लेकीला,” ती म्हणाली.

मग केसांवरची जाळी नीट करून ती ट्रेंच्या ढिगाकडे गेली आणि तिने नळ सोडला. त्या दिवशी ते काम तिचं नव्हतं.