बारा काड्या

खोटं बोलणाऱ्या पेशंटवर मी चिडते, हे जळगावच्या आमच्या ओपीडीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी झुलाल मिस्त्री या सुतार नानांच्या बाबतीत मी पाच आठवडे डोळे झाकून विश्वास ठेवला.

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग रेडिएशन, आणि जबडा आखडलेला. व्यायाम साधा होता. दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड सरकवायची आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. आज सतरा गेल्या तर नाकातली अन्नाची नळी निघणार होती, नाहीतर जबड्याचं पुन्हा ऑपरेशन. चोपड्याहून दर आठवड्याला येणं त्यांना झेपत नव्हतं, म्हणून त्यांच्या पत्नी लिलाबाई सोमवारी फोनवर आकडा सांगायच्या. परवा म्हणाल्या, "ताई, अठरा!" मी शाबास म्हटलं.

आज मी माझ्या काड्या लावल्या. दहा गेल्या, बारा गेल्या. तेराव्या काडीला नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. थोडं थांबून पुन्हा लावल्या, तरी बाराच.

"घरच्या काड्या दाखवा."

लिलाबाईंनी पिशवी छातीशी धरली. मी ती जवळजवळ हिसकावलीच. घरची काडी माझ्या काडीशेजारी ठेवली. ती घासून पातळ केलेली होती. माझं डोकंच फिरलं.

"नाना, माझ्यावर सुतारकी चालवता? पाच आठवडे वाया घालवलेत! फसवलंत कुणाला, स्वतःलाच ना?"

"यासनी चूक नहीं शे, ताई," लिलाबाई रडू लागल्या. "ते काम मन्हं शे."

आकडा वाढेना, तेव्हा नानांनी काड्या फेकून दिल्या होत्या. त्यांनी व्यायाम सोडू नये म्हणून नानांच्याच पेटीतला पॉलिशपेपर घेऊन लिलाबाई रोज दुपारी गुपचूप काड्या घासायच्या. मी त्यांना काहीतरी कडू बोलणार, तोच नानांनी माझा हात धरला.

"माले माहीत व्हतं," ते आखडलेल्या तोंडातून म्हणाले. "तीस वरीस लाकूड हातमा शे."

"मग गप्प का बसलात?"

नानांनी बायकोकडे बोट केलं. "काडी वाढनी का ती जेवे. नहीं ते ताट तसंच राहे."

लिलाबाई रडायच्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. माझा राग कुठे ठेवावा, मला कळेना. मी कागदावर बारा लिहिलं आणि खाली ऑपरेशनसाठी सर्जनकडे पाठवल्याची नोंद केली.

नानांनी पिशवीतून बायकोचा डबा काढला. तो सकाळपासून उघडलेलाच नव्हता. झाकण काढून त्यांनी तो तिच्या मांडीवर ठेवला.

"आते बारा शे," ते म्हणाले. "बारावरच जेव."