खंडेनवमीचं तेल

आमच्या घरातला कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात आधी माझा नवरा बोलायचा. "आण्णा, आलो बरं का!" मग पडद्यावर हिरवं शेत यायचं आणि पुढची कामं सुरू व्हायची.

ही त्याची जुनी चेष्टा. कामावरून आला की बूट काढायच्या आधी कॉम्प्युटर लावायची अमरला सवय. आण्णा, म्हणजे माझे सासरे हंबीरराव, त्यावरून रोज तोंड सोडायचे. "लॉजवर उतरल्यागत येतोय आणि खोलीत शिरतोय. बापाला आलो म्हणून सांगायला काय तोंड दुखतंय?" एका रविवारी अमरनं बसून विंडोजची धून काढून टाकली आणि तिथं स्वतःचा आवाज घातला. "घ्या. आता मी इसरलो तरी मशीन सांगंल तुम्हाला." आण्णांनी एक सणसणीत शिवी हासडली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या हाकेला "हां, ये" म्हणायला लागले.

अमरला जाऊन आता तीन वर्षं होतील. छातीत कळ आली म्हणून स्वतःच गाडी चालवत दवाखान्यात गेला आणि तिथल्या बाकड्यावर बसल्या बसल्या संपला. नंबरसुद्धा आला नव्हता.

आण्णांचं विसरणं त्याच्या आधीच सुरू झालं होतं. दिवस घालून झाले, पावणे आपापल्या गावी गेले, घरात आम्ही दोघंच उरलो, आणि एका संध्याकाळी आण्णा मला म्हणाले, "आज अमरला उशीर झाला गं." मी खरं ते सांगितलं. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. खाली बसून दोन्ही मुठींनी कपाळ बडवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा सांगितलं, पुन्हा कपाळ. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. माणसाला एकुलता एक मुलगा, तो किती वेळा मरावा याला काही मर्यादा असावी की नाही?

मी घरी बसून लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, फ्लेक्सवरचे मजकूर जुळवून देते. कुणाकडं शिकले नाही. अमरच्याच कॉम्प्युटरवर चुकीची बटणं दाबत दाबत शिकले, आणि त्याची बोलणी खाल्ली. तर अशाच एका दिवेलागणीला काम घाईचं होतं म्हणून मी खोलीत जाऊन बटण दाबलं. "आण्णा, आलो बरं का!" माझा हात माऊसवर तसाच राहिला. बाहेरून आण्णांचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "हां, ये. संयोगिता, च्या टाक त्याला."

त्या दिवशी आण्णा पोटभर जेवले.

तेव्हापासून दिवेलागणीला मी न चुकता खोलीत जाऊन बटण दाबायची. चहाचा एक कप आत न्यायची आणि मीच प्यायची. मग बाहेर येऊन सांगायची, "मागनं जेवतो म्हणालाय. तुम्ही बसा."

कुणी म्हणेल, म्हातारा आत डोकावत कसा नाही? त्याला कारण आहे. आण्णांचा सगळा जन्म उद्यमनगरातल्या वर्कशॉपात लेथवर गेला. डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे. चालत्या मशीनवरच्या माणसाला हाक मारायची नाही, दचकला की बोट गेलं, हे त्यांना देवाच्या नावापेक्षा पक्कं पाठ. दाराआड कॉम्प्युटरचा पंखा घरघरत असला की आण्णा दाराला हात लावायचे नाहीत. फक्त मधूनमधून म्हणायचे, "त्याच्या मशीनचं बेअरिंग वाजतंय. सांग त्याला."

"सांगते."

"नुसतं सांगतीस. त्यो करतोय कुठं?"

यंदा खंडेनवमीला सकाळी मी झेंडू आणायला कपिलतीर्थ मार्केटात गेले. परत आले तर आण्णा पायरीवर बसलेले, अंघोळ करून, टोपी घालून. चेहऱ्यावर असं समाधान की मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"मशीन पुजलं," म्हणाले. "अमर कामावर गेलाय तवर उरकून घेतलं."

आत जाऊन बघते तर कॉम्प्युटरच्या डब्याला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, वर अक्षता, पुढं फोडलेला नारळ, उदबत्ती. मला हसू आलं. मी फोटोसुद्धा काढला. आण्णांनी आधीच बजावलं, "आज चालवायचं न्हाय. पुजलेलं मशीन आज हालवत न्हाईत. अमरला सांग, सुट्टी म्हणावं." त्या संध्याकाळी त्यांनी अमरची वाट पाहिली नाही. सुट्टीला मित्रांबरोबर गेला असंल म्हणाले, जेवले, झोपले. मलाही बरं वाटलं.

दसऱ्याला संध्याकाळी आण्णा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले. अमर येणार, पाया पडणार, सोनं देणार. मागच्या दोन्ही दसऱ्यांना मी आपट्याची पानं आतून आणून दिली होती, "अमर देऊन चौकात गेला" म्हणून. यंदाही तेच करायचं होतं. फक्त आधी हाक यायला हवी.

मी दार लोटून घेतलं आणि बटण दाबलं.

पंखा अर्धा फिरला आणि थांबला. एक लांब शिट्टी वाजली. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. या वेळी शिट्टीपण नाही, नुसता जळका वास. मी प्लग ओढला आणि बाजूचं पत्र्याचं झाकण काढायला गेले, तर स्क्रू नव्हतेच. नीट पुसून टेबलावर ओळीनं ठेवले होते. आत सगळीकडं तेल. पंख्याच्या मधोमध, त्याच्या खालच्या पाटीवर, वायरींवर. तेलात अक्षता चिकटलेल्या. नारळाच्या पाण्याचे डाग वाळून चिकट झालेले.

मी बाहेर आले. "आण्णा, मशीनच्या आत काही केलंत काल?"

"केलं की!" एकदम खुलले. "तेल घातलं. बेअरिंग कोरडं पडलं हुतं. एकपण भोक सोडलं न्हाय. मशीन नुसतं पुजून भागत न्हाय पोरी, त्याला खायला बी लागतंय." मग दाराकडं बघून हळूच विचारलं, "अजून आला न्हाय व्हय?"

"येईल," म्हटलं, आणि पूर्णिमाला फोन लावला.

पूर्णिमा माझी मैत्रीण. राजारामपुरीत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या घरातली रोजची हाक तिला एकटीला माहीत. दसऱ्याची नवी साडी तशीच, हातात पिशवी, पाच मिनिटांत आली. आण्णांना बाहेरच्या बाहेर सोनं दिलं, पाया पडली आणि आत येऊन डब्यात बघितलं.

"अगं आई गं," एवढंच म्हणाली.

मग पदर खोचून बसली. कापसानं तेल टिपलं, रॅम काढून खोडरबरानं घासली, पिशवीतला वीजपुरवठ्याचा डबा काढून जोडला. पंखा फिरला. मी देवाचं नाव घेतलं. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. डिस्क सापडत नाही, असं ती अक्षरं सांगत होती. पुन्हा केलं, पुन्हा तीच अक्षरं. पूर्णिमानं डिस्क काढून कानाला लावली, मग उजेडात धरली आणि बोट ठेवून मला दाखवलं. डिस्कच्या पाठीवर टाचणीएवढं एक भोक असतं, हवेसाठी. त्याच्या शेजारी इंग्रजीत बारीक लिहिलेलं असतं की हे झाकू नका. आण्णांना वाटलं, लेथला असतं तसं तेल घालायचं भोक. त्यात त्यांनी तेलाची कुपी लावून चांगली पिळली होती.

"आत गेलंय सगळं," पूर्णिमा म्हणाली. "पुण्याला पाठवून बघू म्हणशील तर बघू. पण मी तुला खोटं सांगत न्हाय, संयू."

"काहीच निघणार नाही?"

तिनं डिस्क कापसावर ठेवली. मग म्हणाली, "कॉपी असंल की कुठंतरी. तू तर गिऱ्हाइकांना ओरडत असतीस, पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा म्हणून."

पत्रिकांच्या कॉपी होत्या. सगळ्या पत्रिकांच्या. अमरच्या आवाजाची नव्हती. कॉपी गेलेल्या माणसाच्या आवाजाची घेतात. आमच्याकडं तर माणूस रोज दिवेलागणीला घरी येत होता. हे मी पूर्णिमाला कसं सांगणार? तिनं नुसता माझा गुडघा दाबला.

"संयोगिता!" बाहेरून आण्णा. "सोनं लुटून गाव घरला गेलं. ह्यो कुठाय?"

"आलाच, आण्णा!"

पूर्णिमा कुजबुजली, "मोबाईलवर काय असंल की त्याचं. व्हॉट्सॲपचं."

अमरला फोनवर बोलून पाठवायचा कंटाळा. शोधून शोधून एकच सापडलं. दोघींनी ते स्पीकरला जोडलं, आवाज मोठा केला, आणि मी बटण दाबलं.

"हां, बोल. गाडीवर हाय मी."

बाहेरून आण्णा ओरडले, "खोलीत बसून कसली गाडी चालवतोयस रं?"

पूर्णिमानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मलाही हसू आवरेना. दोघी कॉटवर वाकून, एकमेकींना धरून, आवाज न करता इतक्या हसलो की पोटात दुखायला लागलं. आणि त्यातच कधीतरी माझं हसणं बंद पडलं आणि दुसरंच सुरू झालं. पूर्णिमाला ते आधी कळलं. मला उशिरा कळलं.

"आत कोण हसतंय?" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बायका हायत व्हय आत? अमर?"

पंखा बंद होता. दार अडवायला काहीच नव्हतं. आण्णांनी ते ढकललं आणि उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी कॉटवरच्या आम्हां दोघींकडं बघितलं, टेबलावरच्या उघड्या डब्याकडं, रिकाम्या खुर्चीकडं, खुर्चीच्या पाठीवर मीच ठेवलेल्या अमरच्या शर्टाकडं.

"अमर कुठाय?"

पूर्णिमानं माझा हात घट्ट धरला. ती काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होती, मला दिसत होतं. मीच आधी बोलले.

"अमर गेला, आण्णा."

"कुठं?"

"वारला."

ते हळूहळू आत आले आणि त्या खुर्चीवर बसले. मी वाट बघत होते की आता मुठी वर जातील. दोन्ही हात तसेच मांडीवर राहिले.

"कवा?"

"तीन वर्षं होतील."

"मी हुतो?"

"होता की. तुम्हीच त्याच्या तोंडात पाणी घातलं."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हते. तसेच म्हणाले, "मग मला रोज हाक कोण मारत हुतं?"

"मशीन, आण्णा. त्यानं भरून ठेवला होता आवाज."

"आणि तू?"

"मी इथं बसायची."

"एकटी?"

पूर्णिमा उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. आण्णा माझ्याकडं बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात येत होतं, की त्यांचा मुलगा गेला म्हणजे माझाही कुणीतरी गेला. एरवी हे कळायला वेळच मिळायचा नाही. स्वतःचं रडून होईतोवर ते विसरून जायचे.

मग त्यांनी टेबलावरच्या डब्याला हात लावला. "ह्याला काय झालं?"

पूर्णिमानं चटकन मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"जुनं झालं होतं, आण्णा."

"तेल घालायला पायजे हुतं येळंवर," ते म्हणाले. "मी अमरला कितीदा सांगितलं."

"हो. सांगितलं होतंत."

पूर्णिमानं दोन दिवसांनी नवीन डिस्क घालून दिली. कॉम्प्युटर आता पटकन चालू होतो, पंखाही वाजत नाही. सुरू होताना विंडोजची आपली एक धून वाजते, सगळ्यांकडं वाजते तीच. बटण दाबताना मी पहिल्यांदा काही दिवस स्पीकर बंद ठेवत होते. आता ठेवत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आण्णांनी विचारलं, "अमर आला न्हाय अजून?" कालचं काहीच शिल्लक नव्हतं. येतोय म्हणावं, असं तोंडाशी आलं होतं. पण मला एकदा कुणाबरोबर तरी रडायला मिळालं होतं. ते सोडवेना. हा माझा स्वार्थ म्हणा हवं तर.

तर आता मी असं करते. विचारलं की आधी म्हणते, "आण्णा, मला भूक लागलीय, तुमच्याशिवाय जेवता येत नाही." सुनेला उपाशी ठेवतील असे ते नव्हेत. आम्ही जेवतो. भाकरी, आमटी, जे असेल ते. हात धुऊन ते खुर्चीत टेकले की मी समोर बसते आणि सांगते. रोज सांगणं वेगळं होतं, कारण ते रोज वेगळं विचारतात. एखाद्या दिवशी फार रडतात. एखाद्या दिवशी मला खोटारडी म्हणतात, मी ऐकून घेते. एकदा नुसते "हां" म्हणाले आणि अमर लहानपणी वर्कशॉपात येऊन लोखंडाच्या चकत्या खिशात भरून न्यायचा, ते सांगत बसले. मला हे माहीत नव्हतं.

परवा सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पावण्यांना कळवलं का?"

"कळवलं."

"बरं केलंस. तू जेवलीस?"

आम्ही नुकतेच बरोबर जेवून उठलो होतो. मी म्हटलं, "न्हाय."

"अशा दिवशी बी दोन घास खायला लागतंय, पोरी," म्हणाले आणि खुर्चीचा हात धरून उठले. स्वयंपाकघरात गेले. फळीवरचे डबे खाली-वर झाल्याचे आवाज येत राहिले. ताटं कुठं ठेवतो आम्ही, ते त्यांना आठवत नव्हतं. मी उठून दाखवली.