घंटुलीच्या घशातले केस

काचघरात मावशीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पाण्याची नळी फुटल्यामुळे कोपऱ्यातला वाफा आजच रिकामा करायचा होता. दुर्मिळ ते कुंडीत, साधं ते खताच्या खड्ड्यात. शेवटी उरलं एकच रोप, भाचीने नाव नसलेल्या पुडीतलं बी रुजवून वाढवलेलं. त्याला निळ्या घंटांसारखी फुलं आली होती. त्याच्यावरून दोघींची जुंपली.

"साधी घंटुली आहे. काढ."

"मावशे, रानघंटुली असली तर?"

आता घंटुली आणि रानघंटुली म्हणजे सख्ख्या बहिणीच. कूळ एक, प्रजाती एक, पानं सारखी, रंग सारखा. जात तेवढी निराळी. घंटुलीच्या फुलाच्या घशात बारीक केस असतात, रानघंटुलीचा घसा गुळगुळीत. पण नशीब बघा! घंटुली गटाराकाठी माजलेली, तिला धोका कसला? रानघंटुली मात्र अतिसंकटग्रस्त, एका डोंगरउतारापुरती उरलेली. एकाच माउलीची लेकरं. एकीला अंगण पुरेना, दुसरीला पाय टेकायला जागा मिळेना.

"भिंगातून बघ. घशात केस आहेत की नाहीत?"

होते. भाचीचा चेहरा पडला. तिने खुरपं उचललं, पण तिला राहवेना. दुसऱ्या फुलात डोकावली. तिथे एकच केस, तोही आडवा. तिने हळूच फुंकर मारली. केस उडाला!

"मावशे, हे फुलाला उगवलेलेच नाहीत!"

"मग काय आभाळातून पडले?"

भाचीची नजर मावशीच्या खिशाकडे गेली. काचघरात मधमाशी फिरकत नाही, म्हणून मावशीच रोज सकाळी कुंचल्याने फुलाफुलाला पराग लावत हिंडायची. खिशातल्या त्या कुंचल्याला आता चांगलं टक्कल पडलं होतं.

"तुझा कुंचला झडतोय गं! मधमाशीचं काम करायला गेलीस आणि आपल्याच कामात माशी शिंकली."

"जीभ आवर. पुरावा दाखव."

कुंचला न लागलेली एकच कळी होती. ती फोडायची म्हणजे तिचं बी गेलं. "माफ कर गं बाई," भाची कळीला म्हणाली आणि टाचणीने ती उकलली.

मावशीने भिंग लावलं. बराच वेळ काढेना. घसा कसा, देवाच्या हातून नुकताच उतरल्यासारखा गुळगुळीत!

"सर बाजूला," ती खुरपं हिसकावत म्हणाली. "तुझ्या हाताला घाई फार." मुळांभोवतीच्या मातीसकट तिने रोप अलगद उचललं आणि कुंडीत बसवलं.

"आणि उद्या नवा कुंचला आण," ती मागे न बघता म्हणाली. "दुकानातच त्याचे केस ओढून बघ."