खिळेबाबांचा कौल

काळाचौकीतल्या त्या चाळीच्या अंगणात शनिवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिळेबाबा आले होते. भगवी लुंगी, गळ्यात इतक्या माळा की मान हलवताना बाबांनाच धाप लागत होती, आणि पुढ्यात काचेच्या वाडग्यात हिरवंनिळं तीर्थ. हे तीर्थ प्यायला मात्र बाबांची सक्त मनाई होती. प्यायचं नाही असलं तीर्थ कुणी पाहिलं होतं का? पण विचारतो कोण!

"बोल माये! संकट बोल! देवी हो म्हणाली तर लोखंड लाल होईल!" असं गरजून बाबा लोखंडी खिळा वाडग्यात सोडायचे, बुबुळं वर न्यायचे, ढेकर दिल्यासारखा ओंकार काढायचे आणि खिळा चिमट्यानं वर घ्यायचे. खिळा तांब्यासारखा लालेलाल! लोकांचे हात आपोआप जोडले जायचे.

पुढच्या रांगेत काशीबाई बसली होती. तिची नात जाई जेमतेम चार वर्षांची. पोट धरून रडायची, खाल्लेलं ओकायची, आणि परवा तर तिला आकडी आली. चाळीत आणखीही पोरं अशीच सुकत चालली होती. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून इथल्या बायका मिळेल ते काम करत होत्या. हल्ली उत्तमशेठ नावाचा भंगारवाला जुन्या कॉम्प्युटरमधल्या सर्किटच्या पाट्या आणून द्यायचा. त्या स्टोव्हवर भाजायच्या, जोडाचं शिसं वितळलं की सुटे भाग उचकटायचे, आणि पिनांवरचा सोन्याचा मुलामा सुटावा म्हणून त्या गॅलरीतल्या अ‍ॅसिडच्या ड्रममध्ये टाकायच्या. मग त्याच स्टोव्हवर भात. पोरं आजारी पडायला लागली तशा बायका काम सोडायची भाषा बोलू लागल्या, आणि नेमकं तेव्हाच शेठला बाबांना बोलवायची भक्ती सुचली.

"तुझा नवरा गिरणीत होता," बाबा काशीबाईला म्हणाले. "संपात झुरून गेला. त्याचाच आत्मा पोरीच्या पोटात बसलाय. शांत कर त्याला. आणि हातातलं काम सोडू नको, नाहीतर देवी कोपेल!"

खिळा बुडाला. लाल झाला.

काशीबाईला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. तिचा गणपत संपाच्या दिवसांत स्वतः कोरा चहा पिऊन शेजारच्या पोरांनाही चहात बुडवायचे कडक बटर वाटायचा. तो माणूस मेल्यावर नातीचा जीव घ्यायला येईल? तिनं डोळे पुसले. गावाकडे देवाला कौल लावताना तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. चांगल्या चांगल्यांना देवानं नकार देऊन परत पाठवलं होतं.

"बाबा, देवीक नाय म्हणायचा असल्यास खिळो काय करता?"

"काळाच राहतो, माये."

"मगे सकाळपासून एकय काळो कसो नाय रवलो? आमच्या गावचो देव रवळनाथसुद्धा धडाधड नाय म्हणता!"

बाबांनी उत्तर द्यायच्या आत तिनं त्यांच्या पुढ्यातल्या डब्यातला खिळा उचलला. "गो देवी, ह्यो बाबा लबाड आसा काय?" आणि दिला सोडून.

मग तिनं चिमटा घातला. खिळा वर आला तो लालेलाल!

"आयला, देवी हो बोलली रे!" मागून चाळीतला दगडू ओरडला आणि एकच हशा पिकला.

"हा कौल उलटा धरायचा असतो!" बाबा किंचाळले.

"उत्तमशेठचो ह्येच्यात वाटो आसा काय?" काशीबाईनं दुसरा खिळा सोडला. तोही लाल. शेठ गर्दीतून हळूच काढता पाय घेत होता.

शेजारच्या खोलीतल्या बकुळाताई पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी गॅलरीतल्या ड्रममधलं वापरलेलं अ‍ॅसिड जपून एका बरणीत आणलं आणि त्यात खिळा टाकला. कुणी प्रश्न विचारला नाही, तरी तो लाल झाला.

"अ‍ॅसिडनं पिनांमधलं तांबं खाल्लं, म्हणून ते निळं-हिरवं दिसतं," त्या म्हणाल्या. "लोखंड आत गेलं की थोडं लोखंड पाण्यात उतरतं आणि पाण्यातलं तांबं खिळ्यावर बसतं. बाबांचं तीर्थ तुमच्याच ड्रममधलं आहे."

"आणि माझी जाई?"

"पाट्या भाजताना शिशाची धूळ उडते. ती भातावर बसते, पोरांच्या हाताला लागते. त्यांच्या अंगात ते पटकन भिनतं. काशीबाई, आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला."

बाबा वाडगा उचलून पळाले, पण गडबडीत तीर्थ मांडीवर सांडलं आणि देवीचा लाडका भक्त "मेलो, मेलो" करत नळाखाली जाऊन बसला. चाळीनं मनसोक्त हसून घेतलं.

इस्पितळात जाईच्या रक्तात शिसं सापडलं. औषधं सुरू झाली, आकडी थांबली, पण पोर अजून शब्द शोधत बोलते. बायकांनी शेठला वस्तीबाहेर शेड आणि हातमोजे मागितले. ते द्यायचं सोडून त्यानं काम उचलून हिंदमातामागच्या दुसऱ्या वस्तीत नेलं. चाळीतल्या कित्येक चुली त्या महिन्यात अर्ध्या पेटल्या, हेही खरं. पोट कामानंच भरतं, म्हणून काम मागा. पण ते पोरांच्या ताटाशेजारी नको म्हणा. आणि दर वेळी हो म्हणणारा देव भेटला, तर त्याचं तीर्थ येतं कुठून, ते आधी पाहा.

काशीबाई बकुळाताईंना घेऊन त्या नव्या वस्तीत गेली. तिथल्या बायकांपुढे ती उभी राहिली आणि म्हणाली, "देवाक हात जोडा, माझा काय म्हणणा नाय. पण पोराक आकडी इली तर आधी डॉक्टराकडे पळा. एका बाबान माझ्या मेलेल्या घोवाचा भूत म्हणून सांगितल्यान, आणि पोरीच्या रक्तात गावला शिसा!"