कुंडीतला केवडा

मित्रांनो, मी एक जुना मनीप्लँट आहे. कळंब्याच्या एका फ्लॅटमध्ये, खिडकीपासून दोन हात आत, मी सहा वर्षं राहतो आहे. माझी पानं निम्मी हिरवी, निम्मी पांढरी. मी देखणा आहे की आजारी, हेच मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं.

शाहूपुरीतल्या एका ऑफिसात मोठा वेल होता. तिथे काम करणाऱ्या संयोगिताने त्याची एक कांडी मागून घेतली आणि पाण्याच्या बाटलीत ठेवली. तीच कांडी म्हणजे मी. माझं पहिलं पांढरं पान उलगडलं तेव्हा तिने फोटो काढून साऱ्या मैत्रिणींना पाठवला. पुढे मला एक पूर्ण हिरवा फुटवा आला, तो मात्र तिने कात्रीने कापला. पांढऱ्या पानांना अन्न करता येत नाही. तो हिरवाच मला पोसत होता. मी गोंधळून गेलो.

गेल्या वर्षी तिच्या सासूबाई, चिमणाबाई, कुरुंदवाडहून कायमच्या राहायला आल्या. त्यांचे यजमान वारले होते, शेत वाट्याने दिलं होतं. पहिल्याच सकाळी त्यांनी माझं पान उलटून पाहिलं.

"अगं बाई, ह्येला केवडा आलाय की! उसाची पानं अशीच पांढरी पडत्यात. कुणाचं ध्यानच न्हाय."

संयोगिता ऑफिसला गेली होती. ऐकणारा मी एकटाच. म्हणजे मला केवडा नावाचा रोग झाला होता?

त्या दिवसापासून चिमणाबाई सकाळी मला उन्हात ठेवून तांब्याभर पाणी घालू लागल्या. आठवड्याला त्यात हिराकसही कालवत. उसाच्या केवड्यावर ते औषध चालतं. संध्याकाळी संयोगिता मला आत आणून पुन्हा पाणी घाली. पानं करपली, माना टाकू लागली. माना टाकल्या म्हणून दोघींनी पाणी वाढवलं. पाण्यात उभा असून मी सुकत का होतो, मला समजेना.

एका रविवारी संयोगिताचा आवाज चढला. "ही कुंडी बाहेर कोण नेतंय?"

"मीच नेतोय. औषध बी घालतोय," चिमणाबाई म्हणाल्या.

"आत्ती, औषध कशाला? त्याची पानं जन्मापासनं पांढरीच आहेत!"

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

"कुणाला इचारू? तुमी सगळी कामाला जाताय. घरात माझ्याजोगं काम एवढंच दिसलं."

संयोगिताने खाली बसून कुंडी पालथी केली. माझी मुळं काळी पडून कुजली होती. तिने मला केराच्या डब्याकडे नेलं.

"टाकू नगोस. कांडी हिरवी हाय अजून."

चिमणाबाईंनी कुजकी मुळं छाटली, उरलेली धुतली, मातीत वाळू आणि विटांचे तुकडे मिसळून मला लावलं. "आता पाणी न्हाय. तू बी घालू नगोस, मी बी घालत न्हाय."

महिन्याभराने मला नवं पान आलं.

हल्ली चिमणाबाई दुपारी मातीत बोट खुपसून बघतात आणि ऑफिसात फोन लावतात. "वाळल्या गं माती. घालू का?" मग दोघींचं बोलणं इतकं लांबतं की पाणी कधीकधी राहूनच जातं.

मित्रांनो, कुंडीत पाणी ओतण्याआधी तुम्हीही मातीत बोट घालून बघा, आणि घरात आणखी कोण पाणी घालतं तेही विचारा. विचारण्यात उशीर झाला तरी चालेल. तेवढा वेळ आम्ही तग धरतो.