दोघांपुरता कोच

मी दोघांपुरता कोच बोलतोय, इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या गॅरोवेबाईंच्या दिवाणखान्यातला. पोटात घोड्याचे केस, अंगावर हिरवं रेशीम आणि डोक्यात राग. कोचाला कुठलं डोकं, असं म्हणाल, तर माझ्यावर बसणाऱ्यांना तरी कुठे होतं?

सुताराने मला मुद्दाम अरुंद केलं. "बसणाऱ्यांचं जमलं पाहिजे," असं बाईंनीच त्याला बजावलं होतं. लग्नाच्या मुलीची आई ती.

लेटिशिया सत्तावीस वर्षांची, बाप गेलेला. यंदा जमलं नाही, तर दूर उत्तरेला खाष्ट आत्याच्या सोबतीला जायचं आणि तिची बोलणी खात जन्म काढायचा, हे ठरलेलं. तिच्या मनात होते मिस्टर पेलिंग, गावातले नवे पाद्री. त्यांच्याही मनात तीच. मला दोघांचंही कळत होतं.

एका सकाळी ते भेटायला आले. "अगंबाई, माझी लोकर वरच राहिली," म्हणत बाईंनी काढता पाय घेतला. आई अशी उठून गेली की पुरुषाने विचारायचं, ही इथली रीत.

पेलिंग घसा खाकरून म्हणाले, "माझ्या घरामागे भाज्यांची बाग आहे. ऊन चांगलं येतं. पण देखरेखीला कुणी नाही."

झालं. ही म्हणे मागणी!

लेटिशियाला कळलं. तिची बोटं माझ्या रेशमात रुतली. पण पुरुषाने स्पष्ट विचारल्याशिवाय मुलीने समजल्याचं दाखवलं, तर ती निलाजरी ठरते. म्हणून ती मान खाली घालून म्हणाली, "एखादा माळी ठेवा ना."

पेलिंग पांढरेफटक पडले. अदबीने झुकले आणि निघून गेले. नकार मिळाल्यावर मुलीला पुन्हा त्रास देऊ नये, इतके ते सभ्य. आग लागो त्या सभ्यपणाला.

लेटिशिया आत्याकडे गेली. पुढे पेलिंग एकदा चहाला आले, तेव्हा बाईंना राहवलं नाही. "काय हो, त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोललो की. माळी ठेवा म्हणाल्या."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, ती तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. जा तिकडे, अजून वेळ गेली नाही."

"इतक्या लांब तिच्या मागे गेलो, तर लोक तिलाच नावं ठेवतील. बरं दिसायचं नाही ते," असं म्हणून त्यांनी आणखी एक बिस्कीट घेतलं.

आता बाई मला विकायला काढताहेत. मला घेणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो. मनातलं विचारायचं नसेल, तर माझ्यावर बसू नका, उभेच राहा. तिकडे एका मुलीचा जन्म वाया चाललाय. का, तर बरं दिसत नव्हतं.