आंब्याच्या पोटातलं आधी मला दिसतं

ओळखलंत का मला, मित्रांनो? मी एक जुनी विळी आहे. आदिलाबादकडच्या आमच्या गावात मला पावशी म्हणतात. आमचे घरधनी डोमाजी, त्यांच्या मायने मला इंद्रवेल्लीच्या बाजारातून आणलं. कांदे, वांगी, कैऱ्या, किती चिरलं म्हणून सांगू! पुढे चकचकीत सुऱ्या आल्या आणि मी गेले माळ्यावर.

पण यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला खाली काढलं, राखेने लख्ख घासलं! माय हिवाळ्यात वारली होती. तिच्या नावाचा हा पहिला नैवेद्य, तोही तिनेच लावलेल्या झाडाच्या आंब्यांचा. आमच्या घरी नैवेद्याआधी आंबा कापायची चाल नाही. त्यामुळे आत काय आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं.

उन्हाने नासू नयेत म्हणून डोमाजींनी मोठे देखणे आंबे हिरवे असतानाच फ्रीजमध्ये ठेवले होते. मावले नाहीत ते बारके, चिकाच्या डागाचे आंबे त्यांनी गोठ्यातल्या ज्वारीच्या कडब्यात टाकून दिले.

आखाजीला त्यांच्या बायकोने, रेणुकाबाईंनी, पहिला आंबा माझ्यावर धरला. वरून काय रुबाब! मी आत शिरले आणि चरकलेच. गर तपकिरी, पाणचट! दुसरा तसाच. तिसराही तसाच!

डोमाजींनी कापलेल्या फोडी उचलून पाहिल्या. "पहिल्याच आखाजीले मायले काय वाढू मी?" त्यांचे डोळे भरून आले.

"मामाजी, कडब्यातले हायेत ना!" म्हणत सून पूनम गोठ्याकडे धावली आणि ओटीभर आंबे घेऊन आली. काय घमघमाट सुटला म्हणता! मी एक कापला. केशरी! आतून नुसता केशरी! आनंदाने माझं पातं थरथरलं, खरंच सांगते.

"पण हे डागाचे," डोमाजी अडखळले. "मायले असे काऊन वाढू?"

रेणुकाबाई म्हणाल्या, "तुमच्या मायनं जलमभर डागाचेच खाल्ले. चांगले तुमाले देत होती."

 डोमाजींनी सगळ्यात डागाळलेला आंबा उचलला आणि स्वतः माझ्यावर कापायला बसले.

मित्रांनो, हिरवा आंबा फ्रीजमध्ये कोंडू नका रे! त्याला एवढी थंडी सोसत नाही, तो आतून काळा पडतो. आधी कडब्याच्या उबेत पिकू द्या. आणि तुमच्या घरी डागाचा आंबा रोज कोण खातं, तेवढं आजच बघा.